मुसळ नको, जाते हवे!

कांडण आणि दळण ही आपल्या घरातली दोन जुनी कामे. कांडताना मुसळ वर उचलायचे, खाली आपटायचे, पुन्हा वर उचलायचे. प्रत्येक वेळी ते क्षणभर थांबते, दिशा बदलते आणि उचलणाऱ्या बाईचा खांदा भरून येतो. जात्याचे तसे नाही. वरची तळी एकदा फिरू लागली की हाताने फक्त लय सांभाळायची. ज्या आज्यांनी आयुष्यभर ही दोन्ही कामे केली, त्यांना यातला फरक कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आपली स्कूटर, मोटार, एस.टी. किंवा शेतावरचा डिझेल पंप, या सगळ्यांच्या पोटात मुसळ आहे. त्याला आपण पिस्टन म्हणतो. इंधनाचा स्फोट झाला की पिस्टन खाली जातो, थांबतो, वर येतो, पुन्हा थांबतो. मिनिटाला हजारो वेळा हे चालते. आणि गंमत अशी की चाकाला हवे असते गोल फिरणे! मग त्या वरखाली होण्याचे फिरण्यात रूपांतर करण्यासाठी कनेक्टिंग रॉड आला, क्रँक आला, व्हॉल्व्ह उघडायला-मिटायला आणखी लवाजमा आला. मुळात फिरणारेच इंजिन केले तर? हा प्रश्न वाफेच्या काळापासून अनेकांना पडला होता. पण त्याचा पाठपुरावा सारे आयुष्य वेचून केला तो फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाने. त्याच्याजवळ इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. दृष्टी इतकी अधू की मोटार चालवण्याचा परवानाही त्याने कधी काढला नाही. तरीही जगाच्या पाठीवर आज कोणी हौशी माणूस स्वतःच्या गॅरेजात स्वतःच्या हातांनी स्पोर्ट्स कार बांधायला बसला, की इंजिन निवडताना वांकेलचे नाव एकदा तरी निघतेच.

वनाधिकाऱ्याचा मुलगा

वांकेलचा जन्म १३ ऑगस्ट १९०२ चा. गाव लार, दक्षिण जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या कडेचे. वडील वनखात्यात अधिकारी. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि १९१४ मध्येच ते रणांगणावर मारले गेले. फेलिक्स तेव्हा बारा वर्षांचा, एकुलता एक. आई त्याला घेऊन पुढे हायडेलबर्गला आली. युद्धानंतर जर्मनीत जी महागाई उसळली तिने मध्यमवर्गाची पुंजी धुऊन नेली. तीत विधवा आईची शिल्लकही गेली. मुलाने १९२१ मध्ये शाळा अर्धवट सोडली आणि शास्त्रीय पुस्तकांच्या एका प्रकाशकाकडे नोकरी धरली. विद्यापीठाचा रस्ता तिथेच बंद झाला.

पण यंत्रांचे वेड सुटले नव्हते. सतराव्या वर्षी त्याने मित्रांना आपले एक स्वप्न सांगितल्याची कथा आहे. त्या स्वप्नात तो नव्या धर्तीच्या इंजिनाची मोटार घेऊन गाण्याच्या मैफलीला निघाला होता. इंजिन निम्मे टर्बाइन, निम्मे पिस्टनचे. स्वप्नाचे राहू द्या, पण १९२४ मध्ये हायडेलबर्गच्या एका परसात मित्रांच्या मदतीने त्याने छोटे वर्कशॉप थाटले, हे खरे. नोकरी सांभाळून उरलेला वेळ तो तिथे घालवी. नोकरी १९२६ मध्ये गेली आणि वर्कशॉप हेच आयुष्य झाले. १९२९ मध्ये फिरत्या यंत्राचे पहिले पेटंट त्याच्या नावावर लागले.

न उरकता येणारे पान

संशोधकांच्या चरित्रात इथून थेट पुढच्या शोधावर उडी मारण्याचा मोह होतो. मला तो टाळायचा आहे. घरातल्या मुलांना आपण अशी चरित्रे वाचायला देतो, तेव्हा मधली पाने फाडून देणे बरे नव्हे.

विशीच्या आतच वांकेल ज्यूद्वेष्ट्या, कडव्या राष्ट्रवादी संघटनांत ओढला गेला. १९२२ मध्ये, म्हणजे हिटलरचे नाव जर्मनीतही फारसे कोणाला ठाऊक नव्हते तेव्हा, तो नाझी पक्षाचा सदस्य झाला. पुढे बाडेन प्रांतातल्या हिटलर युवक संघटनेचे नेतृत्व त्याच्याकडे आले. तिथला पक्षप्रमुख रॉबर्ट वाग्नर याच्याशी त्याचे बिनसले. वांकेलने त्याच्यावर भ्रष्टाचाराचे उघड आरोप केले. १९३२ मध्ये पक्षातून हकालपट्टी झाली आणि पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर येताच वाग्नरने त्याला लारच्या तुरुंगात टाकले. काही महिन्यांनी हिटलरच्या आर्थिक सल्लागाराने, विल्हेल्म केप्लरने, मध्यस्थी करून त्याला सोडवले.

म्हणजे हा नाझी राजवटीचा बळी होता का? मुळीच नाही. भांडण होते ते पक्षातल्या माणसाशी, पक्षाच्या विचाराशी नव्हे. सुटकेनंतर त्याने त्याच राजवटीसाठी काम केले. हवाई मंत्रालयाच्या पैशातून १९३६ मध्ये बोडन्से सरोवराकाठच्या लिंडाऊ गावी त्याची प्रयोगशाळा उभी राहिली. १९४० मध्ये त्याने एसएस या कुख्यात दलाचे अधिकारपदही घेतले. ते दोन वर्षांनी काढून घेण्यात आले. कारण काय, याची नोंद नाही. युद्ध संपल्यावर फ्रेंच सैन्याने त्याला कैदेत टाकले, त्याची प्रयोगशाळा मोडली आणि यंत्रसामग्री उचलून नेली. तेव्हा त्याचे वय होते ४३.

कुकरची रिंग

या साऱ्या काळात वांकेल नेमके काय करीत होता? एका शब्दात सांगायचे तर तो फटी बुजवत होता!

गृहिणींना हे लगेच पटेल. कुकरची रिंग सैल झाली की वाफ बाजूने निसटते, शिटी होत नाही आणि डाळ कच्ची राहते. भांडे चांगले, शेगडी चांगली, पण एका रबराच्या कड्यापायी सारे अडते. इंजिनाचे अगदी तसेच. आतल्या स्फोटाचा दाब फटीतून निसटला तर ताकद कुठून येणार? पिस्टन गोल असतो, त्याभोवती पोलादी रिंगा बसवता येतात. या रिंगा झिजल्या की गाडी धूर मारू लागते आणि मेकॅनिक मान हलवून इंजिन खोलावे लागेल म्हणतो. फिरत्या इंजिनात मात्र अशी सरळ गोल जागाच नसते. कोपरे असतात, सपाट बाजू असतात. वांकेलच्या आधी ज्यांनी ज्यांनी हा प्रयत्न केला त्यातले बहुतेक या फटींपाशीच थांबले.

वांकेलने म्हणून इंजिनाआधी फटींचा अभ्यास केला. डाइम्लर-बेंझ आणि बीएमडब्ल्यू या कंपन्यांसाठी फिरत्या व्हॉल्व्हची कामे केली. युद्धकाळात विमानांच्या इंजिनांसाठी आणि पाणतीरांसाठी सील बनवली. युद्धानंतर, १९५१ मध्ये, पिस्टन रिंगा बनवणाऱ्या ग्योट्झे कंपनीने लिंडाऊच्या त्याच्या राहत्या घरात पुन्हा छोटे संशोधन केंद्र उघडून दिले. त्याच वर्षी नेकार्सउल्म गावच्या एनएसयू या मोटारसायकल कंपनीशी करार झाला. वांकेलच्या फिरत्या हवापंपाची जोड दिलेल्या एनएसयूच्या अवघ्या ५० सीसीच्या गाडीने १९५६ मध्ये अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी १९० किलोमीटरहून अधिक वेग गाठला. आपल्या मोपेडचे इंजिनही ५० सीसीचेच असे, हे लक्षात घेतले म्हणजे या पराक्रमाची कल्पना येईल.

शर्यतीचा घोडा आणि नांगराचा घोडा

अखेर तो दिवस उगवला. १ फेब्रुवारी १९५७. एनएसयूच्या चाचणीकक्षात वांकेलचे इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर चालले. २१ अश्वशक्ती. पहिल्या पेटंटला २८ वर्षे होत आली होती.

या इंजिनात आतला त्रिकोणी रोटरही फिरायचा आणि त्याच्या बाहेरचे घरही फिरायचे. सगळेच फिरते, म्हणून थरथर जवळजवळ नाहीच. पण स्पार्क प्लग बदलायचा तर सारे इंजिन खोलावे लागे. एनएसयूचा इंजिनिअर हान्स डीटर पाश्के याने व्यवहारी तोड काढली. बाहेरचे घर स्थिर ठेवले आणि रोटर किंचित हेलकावत फिरेल अशी रचना केली. वांकेलला ही गोष्ट मागाहून कळली आणि तो संतापला. आपल्या शर्यतीच्या घोड्याला यांनी नांगराला जुंपले, असे त्याचे म्हणणे होते. पण १९५८ मध्ये चालू झालेले पाश्केचे तेच रूप पुढे जगभर गेले आणि नाव मात्र वांकेलचेच लागले.

ते चालते कसे, हेही पाहू. पोटाशी किंचित आवळलेला एक लांबट डबा समजा, मधोमध चिमटलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखा. त्याच्या आत फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो आणि त्याची तिन्ही टोके भिंतीला सतत घासत राहतात. त्यामुळे त्रिकोण आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे होतात. फिरता फिरता प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो. मोठा होताना तो इंधन आणि हवा ओढून घेतो, लहान होताना ते दाबतो, मग ठिणगी, स्फोट आणि धूर बाहेर. त्रिकोणाचा एक फेरा होतो तेव्हा मधला दांडा तीन वेळा फिरतो, म्हणजे दांड्याच्या दर फेऱ्याला एक स्फोट मिळतो. व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत. आकार लहान, वजन कमी, आवाज शिवणयंत्रासारखा सलग.

जानेवारी १९६० मध्ये म्युनिकच्या जर्मन म्युझियममध्ये हे इंजिन इंजिनिअरांच्या सभेपुढे मांडले गेले आणि परवान्यांसाठी रांग लागली. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पहिली मोटार आली. एनएसयू स्पायडर. दोन जणांची, उघड्या टपाची, ४९७ सीसीची छोटेखानी स्पोर्ट्स कार. फिरत्या इंजिनाने बाजारात पाऊल टाकले ते स्पोर्ट्स कारमधून, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

जिथे प्रावीण्य, तिथेच घात

१९६७ मध्ये एनएसयूने रो ८० ही मोठी, देखणी मोटार काढली. युरोपातल्या पत्रकारांनी तिला १९६८ ची सर्वोत्कृष्ट मोटार ठरवले. आणि मग तक्रारी सुरू झाल्या. त्रिकोणाच्या टोकांवरची सील अकाली झिजू लागली. इंजिने धूर मारू लागली, बंद पडू लागली. कंपनी हमीपोटी इंजिनामागून इंजिने फुकट बदलून देऊ लागली. रस्त्यात दोन रो ८० समोरासमोर आल्या, की आपले कितवे इंजिन चालू आहे हे मालक एकमेकांना बोटांनी दाखवत, असा विनोद रूढ झाला. या खर्चाचा भार कंपनीला पेलवला नाही. १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या समूहात विलीन झाली. रो ८० चे उत्पादन १९७७ पर्यंत रडतखडत चालले. सगळ्या मिळून सुमारे ३७ हजार गाड्या बनल्या.

ज्या माणसाने उभी हयात फटी बुजवण्यात घालवली, त्याच्या इंजिनाचा घात फटीनेच करावा!

तोच प्रश्न जपानात हिरोशिमाला माझदा कंपनीपुढे होता. तिने १९६१ मध्येच परवाना घेतला होता. तिथेही सीलच्या थरथरीने आतल्या भिंतीवर आडवे ओरखडे उमटत. कामगारांनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे असे नाव दिले होते. केनिची यामामोटो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअरांचा चमू बसला. सीलसाठी निरनिराळे पदार्थ वापरून पाहिले आणि शेवटी ॲल्युमिनियम भरलेला कार्बन कामी आला. ३० मे १९६७ रोजी कॉस्मो स्पोर्ट ही त्यांची दोन रोटरची स्पोर्ट्स कार विक्रीला आली. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरल्या. त्यातली एक चौथी आली. वांकेलच्या घरच्या अंगणात जपान्यांनी त्याचे इंजिन टिकवून दाखवले.

भाच्याचा प्रश्न

माझी नोकरी इंजिनदुरुस्तीच्या शॉपमध्ये गेली. त्यामुळे नातलगांत कोणी गाडी घ्यायची म्हटले की मला फोन येतो. न्यूझीलंडला स्थायिक झालेला माझा भाचा स्वतः दोन आसनी स्पोर्ट्स कार बांधतो आहे. तिथे घरी बांधलेली गाडी तपासून प्रमाणपत्र देण्याची रीतसर सोय आहे आणि फिरत्या इंजिनाचे शौकीनही पुष्कळ. त्याने विचारले, मामा, माझदाचे रोटरी घालू की साधे पिस्टनचे? जुन्या आरएक्स-७ गाडीतले १३०८ सीसीचे इंजिन त्याला मिळत होते.

मी त्याला आधी फायदे सांगितले. इंजिन लहान आणि बुटके, म्हणून बॉनेटखाली बरेच मागे सरकवून बसवता येते. गाडीचे नाक हलके राहते आणि वळणावर ती हातात राहते. माझदाने १९७८ मध्ये आरएक्स-७ आखली ती याच गुणावर. शिवाय इंजिन चढत्या गतीला कुरकुरत नाही.

मग दुसरी बाजू सांगितली. आपल्याकडे गाडीबद्दलचा पहिला प्रश्न ॲव्हरेज किती देते हा असतो. तिथे रोटरी नापास! त्याचा कप्पा लांबट आणि पसरट असतो, त्यात इंधन पुरते जळत नाही. टोकांची सील ओली ठेवण्यासाठी ते मुद्दाम थोडे तेल जाळते. धूर बाहेर पडतो तो फार तापलेला आणि आवाज मोठा. कमी गतीला ओढ कमी. थंड इंजिन चालू करून लगेच बंद केले तर प्लग ओले होऊन पुन्हा चालू होताना छळते. जुने इंजिन घेताना तिन्ही कप्प्यांचा दाब वेगवेगळा तपासावा लागतो. नेहमीच्या गेजला तो फरक दिसत नाही, आणि एक टोक गेले असेल तर पुढे सारे इंजिन उतरवावे लागते. रोज ऑफिसला जायचे असेल तर त्याच कंपनीच्या एमएक्स-५ चे पिस्टनचे इंजिन घाल आणि सुखाने झोप, असे मी म्हटले. रविवारी डोंगररस्त्याला न्यायची असेल, हात काळे करायची तयारी असेल, तर रोटरी घाल. त्याने रोटरी घेतले. रोजच्या कामाला त्याच्याकडे दुसरी गाडी आहे.

मोटारधंद्याला मात्र अशी दुसरी गाडी हाताशी ठेवण्याची चैन नव्हती. जनरल मोटर्सने १९७० मध्ये पाच कोटी डॉलर मोजून परवान्याचा करार केला होता. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, धुराचे नियम आवळले गेले आणि कंपनीने इंजिन गुंडाळून ठेवले. मर्सिडीजने प्रयोगाच्या गाड्यांत तीन आणि चार रोटरची इंजिने चालवून पाहिली, पण विक्रीला आणली नाहीत. टिकून राहिली ती मुख्यतः माझदा, आणि तीही स्पोर्ट्स कारच्या आधाराने. आरएक्स-७ च्या आठ लाखांहून अधिक गाड्या बनल्या.

वांकेलला त्याची झळ लागली नाही. १९६९ मध्ये म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने या शाळा सोडलेल्या माणसाला सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९७१ मध्ये लोन्रो या ब्रिटिश कंपनीने परवान्यांचे हक्क असलेली त्याची कंपनी दहा कोटी मार्कांना घेतली. उतारवयात तो वेगवान मोटरबोटीच्या आराखड्यात रमला. रो ८० त्याच्याकडे होती, पण ती चालवायला ड्रायव्हर ठेवलेला. प्रयोगशाळांत प्राण्यांचे हाल होऊ नयेत म्हणून त्याने १९७२ मध्ये पारितोषिकासाठी निधी दिला. उंदीर-सशांच्या यातनांनी कळवळणारा हा माणूस कधीकाळी एसएसच्या गणवेशात होता. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही, आणि कोणी घालून दाखवला तरी मी तो चटकन मान्य करणार नाही. चांगुलपणा पुढे आला म्हणून मागचे पान कोरे होत नाही. आणि मागचे पान काळे म्हणून तो त्रिकोण फिरायचा थांबत नाही. मुलांना दोन्ही सांगावे.

९ ऑक्टोबर १९८८ रोजी हायडेलबर्गला, वयाच्या ८६ व्या वर्षी तो वारला. त्यानंतर तीनच वर्षांनी, जून १९९१ मध्ये, चार रोटरच्या माझदा ७८७बी ने फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. पिस्टन नसलेल्या गाडीने ती प्रथमच जिंकली होती. माझदाची शेवटची रोटरी स्पोर्ट्स कार, आरएक्स-८, २०१२ मध्ये बंद झाली. २०२३ मध्ये त्याच कंपनीने एक रोटरचे लहान इंजिन पुन्हा काढले, पण चाके फिरवायला नव्हे. विजेवरच्या मोटारीची बॅटरी वाटेत भरण्यापुरते ते चालते. एका ठरावीक गतीने चालायचे, जागा थोडी घ्यायची आणि थरथरायचे नाही, एवढेच तिथे काम. त्याच्या अंगच्या गुणांना जमणारे काम त्याला इतक्या वर्षांनी नेमून मिळाले आहे. टोकांची सील मात्र तिथेही भिंतीला घासतच फिरतात.